तिस्कावरच्या ऑफिसचे नेट: प्रकल्प नोंदी, मे ते सप्टेंबर २०२४

१३ मे

काम घेतले. ऑफिस गोव्यातल्या फोंड्याला तिस्कावर, जुन्या चिरेबंदी घराचा वरचा मजला, वर मंगळुरी कौले. धंदा कर-सल्ल्याचा. सर, सरांच्या वडिलांच्या वेळेपासूनचे अकाउंटंट काका, जीएसटीचे काम बघणारी बाय आणि आणखी सहा जण. गिऱ्हाइके कुंडई, बेतोडा, मडकईच्या वसाहतींतले छोटे कारखानदार आणि बाजारातले दुकानदार.

निमित्त परवाच्या शनिवारचे. ११ तारीख, म्हणजे जीएसटीआर-१ (महिन्याच्या विक्रीचे रिटर्न) भरायचा शेवटचा दिवस. दुपारी पावणेचारला नेट गेले ते रात्री नऊला आले. नऊ माणसे आपापल्या मोबाईलचे हॉटस्पॉट लावून खिडकीला चिकटून बसली. दोन गिऱ्हाइकांचे राहूनच गेले. त्यांना उशिराचा दंड बसेल तो वेगळा. त्यांच्याकडून माल घेणाऱ्यांना १४ तारखेच्या २बी मध्ये (खरेदीदाराच्या कर-क्रेडिटची यादी) ते क्रेडिट दिसणार नाही, ते पुढच्या महिन्यावर गेले. त्यातला एक खरेदीदार सकाळी सरांच्या टेबलासमोर बसला होता.

सरांचा हुकूम एका वाक्यात: "दोन कंपन्यांचे नेट घे, चांगला राउटर लाव, आणि ११ नि २० तारखेला मला तुझी आठवण यायला नको." (२० ला जीएसटीआर-३बी, महिन्याचा कर भरायचे रिटर्न.) वहीवर प्रकल्पाचे नाव लिहिले, 'राउटर निवडणे'.

१६ मे

राउटर बघण्याआधी दुखणे बघितले. काकांच्या मोबाईलवर कंपनीचे तक्रार-क्रमांकाचे सगळे मेसेज जपून ठेवलेले आहेत (काका काहीच पुसत नाहीत, २०१६ चे आरक्षणाचे मेसेजही आहेत). गेल्या जूनपासून १९ तक्रारी. काका आणि मी बसून आठवेल तसे कारण लावले. आठ वेळा लाईट गेल्यावर नेट गेले. सहा वेळा केबल तुटली. दोनदा ओएनटीचा (फायबर जिथे संपते त्या कंपनीच्या पेटीचा) अडॅप्टर जळला. तीन वेळा 'आपोआप आले'.

ते आठ मला खुपले. ऑफिसला इन्व्हर्टर आहे, लाईट गेली तरी संगणक चालतात. मग नेट का जाते? वायर धरत गेलो. ओएनटी दाराबाहेरच्या पॅसेजमध्ये, मीटरच्या बोर्डाखाली लावलेली, आणि तो प्लग इन्व्हर्टरवर नाहीच. कंपनीच्या पोराने केबल जिथून आत आली तिथेच पेटी ठोकली होती. म्हणजे त्या आठांतल्या निदान काही वेळा कंपनीचे नेट चालू होते, पेटीला करंट नव्हता.

सगळ्या वेळा मात्र तसे नसावे. ओएनटीपर्यंत येणारी खरी जीपॉन लाईन असेल तर मधले स्प्लिटर (एका फायबरचे फाटे करणारे) काचेचे असतात, त्यांना वीज लागत नाही. पण आपल्याकडे स्थानिक केबलवाल्यांनी बऱ्याच ठिकाणी मध्येच खांबावर किंवा कुणाच्या तरी गच्चीवर स्विचची (नेट पुढे वाटणाऱ्या यंत्राची) पेटी बसवलेली असते, तिला बॅटरी. मोहल्ल्यातली लाईट तासभर गेली की ती बॅटरी संपते आणि तुमचा इन्व्हर्टर कितीही मोठा असो, नेट जाते. आमच्या लाईनवर तशी पेटी आहे का, ते रस्त्यावर उतरूनच कळेल.

१८ मे

सकाळी साडेसातला, ऊन चढायच्या आत, केबलीमागून चालत निघालो. पोदेर (पाववाला) सायकलवर पों-पों करत गेला, त्याने दोनदा वळून बघितले. मान वर करून वायर बघत चालणारा माणूस म्हणजे एकतर लाईनमन नाहीतर वेडा.

आमची केबल सज्जावरून समोरच्या विजेच्या खांबावर, तिथून तीन खांब पुढे, एका आंब्याच्या फांदीतून, मग एका दुकानाच्या छपरावर. छपरावर पेटी. हीच ती. आत स्विच आणि बॅटरी, शेजारी डासांची अगरबत्ती, का ते विचारले नाही.

त्याच पेटीतून आणखी एक जाड केबल निघत होती. दुसऱ्या कंपनीची, जिचे कनेक्शन घ्यायचे मी जवळजवळ ठरवले होते. दुकानाखाली केबलवाला चहा घेत उभा होता. विचारले, ही कोणाची? तो हसला: "दोनूय लायनी म्हज्योच न्ही!" दोन्ही कंपन्यांची एजन्सी त्याच्याकडेच. खांब तेच, आंबा तोच, पेटीही तीच.

दोन बिले भरून एकाच आंब्याच्या भरवशावर राहायचे होते! वही उघडून 'राउटर निवडणे' खोडले आणि 'नेट जायची कारणे वेगळी करणे' लिहिले. शब्द धड नाहीत, पण काम तेच आहे.

२२ मे

दुसरी वाट खांबावरून यायला नको, म्हणजे हवेतून. मोबाईलचे सिम. ज्या कंपनीची फायबर, तिचेच सिम घ्यायचे नाही हे आधीच ठरवले. टॉवरपासून पुढची त्यांची फायबर शेवटी एकाच वाटेने जात असेल तर पुन्हा तीच गत.

बायने तीन कंपन्यांची सिमे असलेले तीन फोन जमवून दिले. फोनमधले रेघांचे चित्र कामाचे नाही, आकडा बघावा लागतो. आरएसआरपी म्हणतात त्याला, तो उणे असतो. उणे ८० च्या आसपास उत्तम, उणे ११० च्या पलीकडे रडारड. ऑफिसच्या मधोमध, जिथे स्विच आणि डीव्हीआरचे (कॅमेऱ्यांचे चित्रण साठवणाऱ्या यंत्राचे) कपाट आहे, तिथे उणे ११४. चिऱ्याची हातभर जाड भिंत सिग्नल गिळून बसते. पश्चिमेच्या खिडकीत उणे ९३. सज्जावर, वळचणीखाली हात बाहेर काढून, उणे ८४. त्याच जागेवर दुसऱ्या कंपनीचा उणे १०३. तिसऱ्याचा फोन सतत दोन टॉवरांमध्ये झोके घेत होता.

सकाळी अकरा आणि संध्याकाळी पाच, दोन दिवस वेग मोजला. पहिल्या सिमला सकाळी ३० च्या पुढे, संध्याकाळी १२ ते १५ एमबीपीएस. पुरे आहे. जीएसटीच्या पोर्टलवर चढवायच्या फायली काही केबी, फार तर एक-दोन एमबीच्या. या ऑफिसला वेग लागत नाही, नेट तुटायला नको एवढेच.

फाइव्ह-जीचा डबा घ्यावा का असे सरांनी विचारले. त्याचे पैसे जास्त, आणि वळचणीखाली फाइव्ह-जी धरत नाही. नको. सरांच्या पुण्याच्या मेव्हण्यांनी फोनवर स्टारलिंकसारखे उपग्रहाचे नेट सुचवले. ते भारतात अजून सुरू झालेले नाही, तेव्हा तो विषय तिथेच संपला.

२५ मे

आता राउटर. आज दिवसभर हेच.

पहिला विचार सगळ्यांना सुचतो तो: सिम आत बसणारा राउटर घ्या, एका डब्यात काम. पण सिमला लागते वळचण आणि राउटरला लागते कपाट. डबा एकच असेल तर एकतर सिग्नल मरतो, नाहीतर ऑफिसच्या सगळ्या वायरी सज्जावर न्याव्या लागतात. शिवाय तो एक डबा गेला की दोन्ही वाटा गेल्या. म्हणून राउटर वेगळा, सिमचा डबा वेगळा, मध्ये एक इथरनेट केबल. सिमचा डबा बाहेर टांगायचा, पीओई वाला, म्हणजे त्याच केबलीतून त्याला वीजही जाईल.

मग उरले दोन वॅनचे (बाहेरचे नेट आत घेणाऱ्या पोर्टांचे) राउटर. टेबलावर तीन नावे आली.

जुन्या संगणकावर ओपनडब्ल्यूआरटी किंवा पीएफसेन्स (संगणकाचा राउटर करणारी सॉफ्टवेअरे) चढवणे. फुकट आणि हवे ते करता येते. पण जुना संगणक इन्व्हर्टर खातो, पंखा धूळ खातो, आणि पावसाळ्यात फोंड्याच्या दमट हवेत त्याचे काय होते ते माझ्या दुकानाच्या माळ्यावर बघायला मिळेल.

मायक्रोटिकचा हेक्स. हा माझा लाडका. पाच पोर्ट, मुठीएवढा, नेट गेल्यावर काय करायचे ते ओळीओळीने लिहून देता येते. घरी माझ्याकडे तोच आहे. पण त्याचा पडदा उघडला की बायच काय, सरांचा इंजिनिअर मुलगाही मागे सरकेल. मी आजारी पडलो तर या ऑफिसात त्याला हात लावणारे कोणी नाही. मायक्रोटिक येणारा माणूस फोंड्यात शोधायचा म्हणजे वेताळाला गाऱ्हाणे घालण्यापैकी.

टीपी-लिंकचा ईआर६०५. त्यालाही पाच पोर्ट: एक कायमचा वॅन, एक लॅन (ऑफिसच्या आतल्या जाळ्याचा), मधले तीन कसेही वापरा. पडद्यावर साधी पाने. 'लिंक बॅकअप' नावाचे पान आहे, 'ऑनलाइन डिटेक्शन' नावाचे आहे. बाय इंग्रजी वाचून ते समजू शकते, मी तिला दाखवून खात्री केली. बिघडला तर दुसरा मडगावला किंवा पणजीला मिळतो. सांगितलेली किंमत साडेपाच हजारांच्या आसपास, हेक्सचीही तेवढीच, तेव्हा पैशांचा प्रश्नच नव्हता.

ईआर६०५ घ्यायचा. मन मायक्रोटिककडे ओढत होते हे इथे नोंदवून ठेवतो.

दुसरा निर्णय त्याहून महत्त्वाचा. दोन्ही लाईनी एकाच वेळी वापरायच्या (लोड बॅलन्सिंग) की एक चालू आणि दुसरी राखीव ठेवायची? विकणारे लोड बॅलन्सिंगचेच गुण गातात. दोन लाईनींचे पैसे भरता, मग दोन्ही वापरा की! पण त्यात एक विनंती फायबरवरून जाते, दुसरी सिमवरून. प्रत्येकीचा बाहेरचा पत्ता वेगळा. बँकेची साइट बघते की हा माणूस आत्ता एका पत्त्यावरून बोलत होता, आता दुसऱ्यावरून बोलतोय. मग ती त्याला बाहेर काढते. ओटीपी टाकून सही करायच्या क्षणी असे झाले तर काका माझ्या घरी येतील. म्हणून साधे राखीव: फायबर आहे तोवर सगळे फायबरवर, ती गेली तरच सिम. बदलाच्या क्षणी चालू लॉगिन तुटेल, तेवढे सोसायचे. ते सरांना आधीच सांगितले.

३० मे

खणायला गेलो आणि साप निघाला. सर रात्री घरून टॅली (हिशेबाचे सॉफ्टवेअर) बघतात. कसे, ते कोणी सांगेना. कंपनीच्या ओएनटीत बघितले तर पोर्ट ३३८९ सरळ टॅलीच्या संगणकाकडे वळवलेला. म्हणजे रिमोट डेस्कटॉप जगाला उघडा. लॉगच्या पानावर न संपणारी अपयशी लॉगिनांची रांग. पासवर्ड होता ऑफिसचे नाव आणि १२३. अजून फायलींना कुलूप घालून खंडणी कोणी मागितली नाही, ही नागेशाची कृपा. तिथल्या तिथे बंद केला.

तसेही सिमवर ते चाललेच नसते. मोबाईल कंपनी प्रत्येक सिमला बाहेरचा स्वतंत्र पत्ता देत नाही. हजारो सिमांमागे एक पत्ता असतो, त्याला सीजीनॅट म्हणतात. सिमला मिळणारा पत्ता बहुधा १००.६४ पासून सुरू होणाऱ्या राखीव पट्ट्यातला. आतून बाहेर जाता येते, बाहेरून आत कोणी येऊ शकत नाही.

उपाय: टेलस्केल, खासगी जाळे बांधणारे सॉफ्टवेअर. टॅलीचा संगणक आणि सरांचा लॅपटॉप दोघेही आतून बाहेर जाऊन एकमेकांना भेटतात, त्यामुळे लाईन कुठलीही असो. गंमत म्हणजे टेलस्केलही त्याच १००.६४ च्या पट्ट्यातले पत्ते वाटते. सिमच्या डब्याच्या पानावरही १००, सरांच्या लॅपटॉपवरही १००. अर्धा तास मी चुकीच्या शंभराला पिंग करत (हाक मारून उत्तर येते का बघत) होतो.

३ जून

सामान आले, बसवले. पावसाने सकाळपासून झड धरली होती. सज्जावर उभा राहून डबा टांगताना पागोळ्या थेट मानेत.

सगळ्यात जास्त वेळ कशात गेला? ओएनटीचा पत्ता १९२.१६८.१.१. सिमच्या डब्याचाही १९२.१६८.१.१. राउटरला दोन्ही बाजूंनी एकच पत्ता दिसला की तो गोंधळतो. सिमचा डबा १९२.१६८.८ वर नेला, ऑफिसचे जाळे १९२.१६८.५० वर. मग हजेरीचे यंत्र, डीव्हीआर, दोन प्रिंटर, सगळ्यांचे हाताने घातलेले जुने पत्ते एकेक बदलत बसलो. हजेरीच्या यंत्राचा पासवर्ड २०१९ मध्ये नोकरी सोडलेल्या पोराला ठाऊक. तो आता मुंबईला. फोन केला, त्याला आठवला.

ओएनटी ब्रिज मोडमध्ये हवी होती, म्हणजे लॉगिन राउटरच करील. कंपनीचा माणूस म्हणाला, करून देतो. सध्या ओएनटी स्वतःच राउटर आहे, तिच्यामागे आमचा राउटर. चालते.

ओएनटी आत कपाटात आणली, इन्व्हर्टरच्या प्लगवर.

४ जून

लोकसभेचा निकाल. ऑफिसात नऊ माणसे, नऊ पडदे, नऊ वृत्तवाहिन्या. भार-चाचणी फुकटात झाली. गोव्याच्या दोन जागा दोन पक्षांना गेल्या, लोड बॅलन्सिंग जमले ते तिथेच.

६ जून

सरांसमोर चाचणी. फायबरकडची इथरनेट केबल राउटरमधून उपटली. पाच-सात सेकंदांत सिम चालू. सर खूष. काकांनी पाव-पातळभाजी मागवली. मी पण खूष, तेच चुकले.

१३ जून

दुपारी फायबर गेली. राउटर ढिम्म. नऊ माणसे पुन्हा खिडकीपाशी आणि माझा फोन वाजतोय.

जाऊन बघितले. ओएनटीवर एलओएसचा लाल दिवा लुकलुकतोय, म्हणजे बाहेरचा प्रकाश येत नाही. पण ओएनटी जिवंत, तिची इथरनेट जिवंत, राउटरला ती पत्ताही देते. राउटरच्या लेखी फायबर उत्तम चालली आहे.

पण ऑनलाइन डिटेक्शन याचसाठी असते. पान उघडले. फायबरच्या वॅनपुढे लिहिले होते, 'ऑलवेज ऑनलाइन'. म्हणजे तपासूच नको, ती चालूच आहे असे समज. हे कोणी केले? मीच. ३ तारखेला पत्त्यांच्या गोंधळात राउटर सारखा या लाईनीवरून त्या लाईनीवर उड्या मारत होता, म्हणून घडीभर लावले आणि विसरलो. ६ तारखेची चाचणी पास झाली कारण मी केबलच उपटली होती, आणि उपटलेली केबल आंधळ्यालाही कळते. प्रत्यक्षात ती केबल कोणी उपटत नसते.

आता: हाताने दोन पत्ते दिले. पिंग ८.८.८.८ ला, नाव विचारणे (साइटच्या नावावरून तिचा पत्ता मागणे) १.१.१.१ ला. दोन्ही ऑफिसबाहेरचे, फायबरपलीकडचे. ओएनटीचा पत्ता कधीही द्यायचा नाही, ती शेजारीच बसली आहे, ती उत्तर देणारच. मग ओएनटीच्या पाठची पिवळी फायबर हळूच काढली, इथरनेटला हात न लावता. मिनिटाच्या आत सिमवर गेला. परत लावली. ओएनटीला जाग यायला तीन मिनिटे, मग फायबरवर परत.

संध्याकाळी कंपनीचा पोरगा आला, मीटर लावला. प्रकाश उणे २९ डीबीएम. उणे २७ च्या पलीकडे गेले की बहुतेक ओएनटी मान टाकतात. आंब्याखालच्या जोडात पाणी शिरले होते. त्याने जोड नवा केला, उणे २१. ब्रिज मोडचे विचारले. करून देतो म्हणाला.

२० जून

जीएसटीआर-३बी चा शेवटचा दिवस. साडेदहाला लाईट गेली, ती पावणेतीनला आली. अकराच्या सुमारास छपरावरच्या पेटीची बॅटरी संपली असावी, कारण राउटर सिमवर गेला. या वेळी बरोबर गेला. टाळ्या.

बाराला बायचा फोन: "दादा, नेट आहे पण चालत नाही." सिमवर दिवसाला २ जीबी. संपले. नंतर वेग ६४ केबीपीएस, त्यात पोर्टलचे पहिले पानही येत नाही. नऊ माणसांचे जीएसटीचे काम २ जीबी खाणार नाही. मग खाल्ले कोणी? राउटरच्या आकडेवारीत बघितले: डीव्हीआर चित्रे क्लाउडवर चढवत होता, टॅलीचा बॅकअप ड्राइव्हवर जात होता, दोन संगणकांनी विंडोजचे अपडेट ओढायला घेतले होते. त्यांना काय माहीत की आपण आता सिमवर आहोत?

ताबडतोब जादा डेटाचा रिचार्ज मारला, तासाभरात सगळी रिटर्न गेली. संध्याकाळी बसून पॉलिसी राउटिंग लावले: डीव्हीआर आणि बॅकअपचा संगणक फक्त फायबरवरून, पर्यायच नाही. फायबर नसेल तर त्यांनी उपाशी राहायचे. बाकी संगणकांचे वायफाय आणि इथरनेट विंडोजमध्ये 'मीटर्ड' करून ठेवले, म्हणजे अपडेट मागच्या दाराने शिरत नाहीत. सहा संगणक, सहा वेळा तेच.

२८ जून

मोबाईल कंपन्यांचे दर ३ जुलैपासून वाढणार, जाहीर झाले. सरांनी जन्मात पहिल्यांदा मला स्वतःहून फोन केला: आधीच भरून टाक. २ तारखेला ८४ दिवसांचा प्लान जुन्या दराने मारायचा, दिवसाच्या मर्यादेवर जादा डेटाचे एक पाकीट राखीव.

२ जुलै

रिचार्ज झाला. तो करताना लाईट गेली, आली, गेली. प्रत्येक वेळी ओएनटी नव्याने उठत होती, इन्व्हर्टरवर असूनही. इन्व्हर्टरकडे वळायला जो क्षण लागतो, तेवढ्यात तिची मान पडते. संगणकांवर वेगळे यूपीएस आहेत म्हणून इतके दिवस कोणाला कळले नाही. इन्व्हर्टरच्या पाठीवर एक बारकी कळ असते, 'नॉर्मल' आणि 'यूपीएस'. ती नॉर्मलवर होती. वळवली. पुन्हा मेन बंद करून बघितले, ओएनटी डोळाही मिचकावत नाही. आठ वर्षे कळ तिथेच होती, धुळीखाली.

११ जुलै

जीएसटीआर-१. पाऊस बेफाम. फायबर दोनदा गेली, दोनदा आली. काम झाले. नोंद करण्यासारखे काही नाही, हीच नोंद.

१९ जुलै

दुपारपासून फोनवर फोन. "अरे, नेट बंद पडले सगळीकडे, आपले बघ रे!" काका घाबरेघुबरे. टीव्हीवर विमानतळांवरचे निळे पडदे आणि हाताने लिहिलेले बोर्डिंग पास. उद्या २० तारीख, म्हणून ऑफिसचा धीर सुटलेला.

क्राउडस्ट्राइक नावाच्या सुरक्षा-सॉफ्टवेअरचे एक अपडेट चुकले आणि ते ज्या विंडोज यंत्रांवर होते ती उठेनात. मोठ्या कंपन्या ते वापरतात. आमच्या ऑफिसात संरक्षण म्हणजे विंडोजचा स्वतःचा डिफेंडर आणि दारावरचे लिंबू-मिरची. नेटला काही झालेले नाही, हे काकांना तीनदा सांगितले. चौथ्यांदा बायने सांगितले तेव्हा पटले.

२३ जुलै

२० तारीख विनासायास गेली. म्हणून आज सहज डोकावलो आणि धक्का बसला. राउटर २१ तारखेच्या पहाटेपासून सिमवर. फायबर तुटलेली आहे हे तीन दिवस ऑफिसात कोणालाच माहीत नाही, आणि मलाही नाही. रविवार मध्ये गेला. तक्रार कोणी केलीच नाही, मग कंपनी येणार कुठून? वेग कमी वाटला तर लोकांनी पोर्टलला शिव्या दिल्या असतील.

आधी नेट गेले की सगळे ओरडायचे. आता कोणी ओरडत नाही, म्हणून ओरडणारे काहीतरी बसवायला हवे. फायबरवर आपल्याला स्थिर पत्ता घेतलेला आहे, तो ठाऊक आहे. टॅलीच्या संगणकावर दहा ओळींची स्क्रिप्ट लिहिली: दर पाच मिनिटांनी बाहेरून आपला पत्ता कोणता दिसतो ते विचार, तो फायबरचा नसेल तर बायच्या आणि माझ्या टेलिग्रामवर मेसेज टाक. परत आला की पुन्हा टाक. मेसेजचे शब्द बायने ठरवले: 'फायबर झोपली' आणि 'फायबर उठली'.

कंपनीचा माणूस आला. झावळी पडून केबल तुटली होती, या वेळी आंबा निर्दोष. ब्रिज मोड? करून देतो.

३१ जुलै

आयकर रिटर्नचा शेवटचा दिवस. रात्री साडेदहापर्यंत ऑफिस. 'फायबर झोपली' संध्याकाळी ६:१२, 'फायबर उठली' ७:४०. मधल्या वेळात एका गिऱ्हाइकाचे ई-व्हेरिफाय करताना लॉगिन तुटले, पुन्हा ओटीपी मागवला. तेवढेच.

काकांनी विचारले, दोन्ही एकदम गेले तर? टॉवरच्याही बॅटऱ्या संपतात, मोठ्या वादळात ते होईल. तेव्हासाठी तिसऱ्या कंपनीचे सिम असलेला सरांचा जुना फोन कपाटात चार्ज करून ठेवला आहे, यूएसबीने टॅलीच्या संगणकाला जोडता येतो. त्याला राउटर बांधलेला नाही, बांधायचाही नाही.

५ सप्टेंबर

परवा चवथ. ऑफिस उद्यापासून बंद. आज शेवटची चाचणी, पण मी हात लावणार नाही असे आधीच सांगितले होते. बायने केले, मी खुर्चीत.

तिने मेन स्विच पाडला. ओएनटी, राउटर, सिमचा डबा जागे. मग पिवळी फायबर काढली, धूळ बसू नये म्हणून टोकाला टोपी लावली (हे मी शिकवले नव्हते). चाळीस सेकंदांनी पोर्टल उघडले. काही मिनिटांत तिचा आणि माझा फोन वाजला: फायबर झोपली. डीव्हीआरचे क्लाउड बंद पडले, तसेच हवे होते. सरांनी घरून टॅली उघडले. फायबर परत लावली, मेन चढवला. सगळे धरून बावीस मिनिटे, त्यातली सहा काकांच्या प्रश्नांची.

उरलेली कामे. सज्जावरच्या डब्याला इथरनेटचा सर्ज प्रोटेक्टर आणि चांगले अर्थिंग, परतीच्या पावसातल्या विजा सुरू व्हायच्या आत. राउटरच्या सेटिंगची बॅकअप फाइल पेनड्राइव्हवर काढून कपाटाच्या दाराला चिकटवली आहे, पासवर्ड सरांच्या तिजोरीत. ब्रिज मोड: करून देतो.

सिमचा रिचार्ज २३ सप्टेंबरला संपतो. काकांनी कालनिर्णयच्या पानावर त्या चौकोनाभोवती लाल गोल केला, आणि चुकायला नको म्हणून २० तारखेलाही एक.